समुद्रतळावरची हुकलेली शोकांतिका : ‘वॉरियर्स ऑफ द डीप’ या दूरचित्रवाणी कथाभागाची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठीत विज्ञानकथेचा विचार प्रामुख्याने ग्रंथरूप साहित्याच्या अंगाने झाला आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘कृष्णविवर’ या कथेला १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत मिळालेला पुरस्कार हा या चर्चेतील एक ठरलेला टप्पा मानला जातो. तथापि ज्यांच्या मार्गदर्शनाखाली नारळीकरांनी केंब्रिज येथे संशोधन केले ते फ्रेड हॉईल हे केवळ खगोलशास्त्रज्ञ व कादंबरीकार नव्हते. १९६१ साली जॉन इलियट यांच्या समवेत त्यांनी बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका लिहिली होती, याकडे आपल्या अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. दूरचित्रवाणी हे ब्रिटिश विज्ञानकथेचे महत्त्वाचे माध्यम होते. तिच्याकडे करमणुकीचे दुय्यम साधन म्हणून पाहिल्यास त्या देशाच्या विज्ञानकथेचा मोठा भाग अभ्यासाबाहेर राहतो.

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेली व १९८९ पर्यंत अखंड २६ पर्वे चाललेली ‘डॉक्टर हू’ ही या माध्यमातील सर्वांत दीर्घायुषी विज्ञानकथा होय. २००५ पासून ती पुन्हा सुरू झाली, परंतु प्रस्तुत लेखाचा संबंध जुन्या पर्वांशी आहे. काळ व अवकाश यांतून प्रवास करणारा ‘डॉक्टर’ हा तिचा नायक शस्त्रापेक्षा बुद्धीवर विसंबणारा आहे. मरणाच्या प्रसंगी तो देह पालटतो, त्यामुळे वेगवेगळ्या नटांनी ही भूमिका केली. जुन्या पर्वांत एक कथा साधारणतः पंचवीस मिनिटांच्या चार, सहा वा सात भागांत सांगितली जाई. अशा एका संपूर्ण कथेस येथे ‘कथाभाग’ असे म्हटले आहे.

जानेवारी १९८४ मध्ये प्रसारित झालेला ‘वॉरियर्स ऑफ द डीप’ हा चार भागांचा कथाभाग एकविसाव्या पर्वाचा आरंभ होता. लेखक जॉनी बर्न, दिग्दर्शक पेनंट रॉबर्ट्स, निर्माता जॉन नेथन-टर्नर, संहिता-संपादक एरिक सॉवर्ड आणि डॉक्टरच्या भूमिकेत पीटर डेव्हिसन. मालिकेच्या चाहत्यांत हा कथाभाग थट्टेचा विषय आहे. ही थट्टा चुकीच्या जागी होते आणि त्यामुळे कथाभागाचे खरे अपयश नजरेआड राहते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते अपयश कोणते, हे तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

हल्क यांचा वारसा

या कथाभागाचे मूळ १९७० मध्ये आहे. त्या सुमारास डॉक्टरला पृथ्वीवर अडकवून ठेवण्याचा निर्णय झाला होता. लेखक माल्कम हल्क यांनी त्यावर आक्षेप घेतला तो असा की, यापुढे दोनच प्रकारच्या कथा उरतील : बाहेरून होणारे आक्रमण किंवा घरातला माथेफिरू शास्त्रज्ञ. त्यांच्या या अडचणीतूनच तिसरा प्रकार जन्मास आला. आक्रमक बाहेरून आलेले नाहीत, ते मुळातच इथले आहेत. आपणच नंतर आलो. ‘डॉक्टर हू अँड द सिल्युरियन्स’ या सात भागांच्या कथेत कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वीवर नांदणारी सरीसृपांची एक प्रगत जमात आहे. चंद्र पृथ्वीच्या दिशेने येताना पाहून प्रलयाच्या भयाने ती भूगर्भात दीर्घनिद्रेत गेली. एका अणुसंशोधन केंद्रामुळे ती जागी होते आणि आपली भूमी केस असलेल्या वानरांच्या वंशजांनी व्यापलेली पाहते.

हल्क हे एके काळी ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. भूमी कोणाची, आधी कोण आणि नंतर कोण, हा प्रश्न त्यांनी मुलांच्या मानल्या जाणाऱ्या मालिकेत कोणताही आव न आणता मांडला. या कथेत सिल्युरियन एकजिनसी नाहीत. वृद्ध नेता माणसांशी समझोत्यास तयार आहे. तरुण सिल्युरियन त्याला ठार करून नेतृत्व बळकावतो व रोगाची साथ पसरवतो. माणसांच्या बाजूलाही हीच फूट आहे. डॉक्टर साथीवर उपाय शोधतो, सिल्युरियन पुन्हा झोपी जातात आणि ब्रिगेडियर त्या गुहा स्फोटाने उद्ध्वस्त करतो. ज्याला डॉक्टर आपला सहकारी मानत होता त्यानेच हे करावे, या आघाताने कथा संपते. १९७२ च्या ‘द सी डेव्हिल्स’मध्ये या जमातीचे समुद्रवासी भाऊबंद येतात. तेथेही डॉक्टरची बोलणी रंगात आली असतानाच एका राजकारण्याच्या हुकमाने बॉम्बफेक होते. यावेळी अखेरचा विध्वंस डॉक्टरला स्वतःच्याच हातांनी करावा लागतो.

हल्क यांनी १९७४ मध्ये पहिल्या कथेची कादंबरी प्रसिद्ध केली. ती सरीसृपांच्या दृष्टिकोनातून सुरू होते आणि त्यात ओकडेल, मोर्का अशी त्यांना नावे आहेत. पडद्यावरील १९७० च्या सिल्युरियनांना नावे नव्हती, पण स्वभाव होते. १९८४ मध्ये नेमके उलटे घडले. इक्थार, सायबस, टार्पोक अशी भारदस्त नावे आली आणि स्वभाव हरवले. हल्क १९७९ मध्येच निवर्तले होते.

शंभर वर्षांनंतरचे शीतयुद्ध

‘वॉरियर्स ऑफ द डीप’ घडते २०८४ मध्ये. (१९८४ च्या पहिल्याच आठवड्यात प्रसारित होणाऱ्या कथेने शंभर वर्षे पुढची तारीख निवडावी, हा योगायोग नसावा.) जग दोन सत्तागटांत विभागलेले आहे. त्यांची नावे आपल्याला कधीच सांगितली जात नाहीत आणि हा संहितेतील सर्वांत चांगला निर्णय आहे. समुद्रतळावरील ‘सी बेस फोर’ या तळावर आण्विक क्षेपणास्त्रे सज्ज आहेत. तळावर शत्रूगटाचे दोन हस्तक आहेत, निल्सन व डॉ. सोलो. सिल्युरियन इक्थार आपल्या समुद्रवासी बांधवांचे सैन्य जागे करून या तळावर चालून येतो. त्याची योजना अशी की, तळ ताब्यात घेऊन क्षेपणास्त्रे सोडायची, म्हणजे दोन्ही गट एकमेकांना नष्ट करतील आणि पृथ्वी तिच्या मूळ मालकांकडे परत येईल.

ही कल्पना कोणत्या दिवसांत लिहिली गेली हे लक्षात घ्यावयास हवे. मार्च १९८३ मध्ये रेगन यांनी अवकाशातील क्षेपणास्त्रविरोधी कवचाची घोषणा केली. सप्टेंबरमध्ये कोरियन प्रवासी विमान पाडले गेले. नोव्हेंबरमध्ये अमेरिकन क्रूझ क्षेपणास्त्रे ग्रीनहॅम कॉमन येथे येऊन पोहोचली. त्या तळाच्या कुंपणाबाहेर स्त्रियांचे निषेध-शिबिर १९८१ पासूनच ठाण मांडून होते. जानेवारी १९८४ मध्ये हा कथाभाग पाहणाऱ्या ब्रिटिश घरात अणुयुद्ध ही दूरची कल्पना नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बीबीसीनेच बॅरी हाइन्स यांचे ‘थ्रेड्स’ दाखवले. शेफील्ड शहरावर बॉम्ब पडल्यानंतरच्या वाताहतीचे ते चित्रण पाहिलेल्यांना ते विसरता आलेले नाही. म्हणजे विषय तोच, संस्था तीच, वर्षही तेच. तरीही ‘वॉरियर्स ऑफ द डीप’ विस्मरणात जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे हशा पिकवण्यापुरते स्मरणात राहते.

मिर्काचा प्रश्न

हा हशा पिकतो तो मिर्कामुळे. सिल्युरियनांनी तळावर सोडलेला हा हिरवा, चतुष्पाद जलराक्षस. त्याच्या पोशाखात दोन माणसे होती आणि ती ‘रेन्टाघोस्ट’ या विनोदी बालमालिकेत कापडी घोडा चालवणारी जोडी होती. ९ जून १९८३ च्या सार्वत्रिक निवडणुकीमुळे चित्रीकरणाचे वेळापत्रक अलीकडे ओढले गेले. मिर्काचा पोशाख कसाबसा चित्रीकरणाच्या दिवशी पोहोचला. तालमीला वेळ नव्हता, रंग पुरता वाळला नव्हता, तो नटांच्या कपड्यांना लागत होता. त्यात इन्ग्रिड पिट यांची डॉ. सोलो या प्राण्याला कराटेची लाथ मारावयास जाते आणि विजेच्या धक्क्याने मरते. हा प्रसंग गंभीरपणे पाहणे कोणालाही शक्य नाही. दुसऱ्या एका प्रसंगात टीगन अवजड पोलादी दाराखाली अडकते. ते दार स्पंजासारखे दबताना स्पष्ट दिसते.

येथवर सर्वमान्य आहे. पण वाईट पोशाखाने कलाकृती बुडते, हे गृहीतक तपासले पाहिजे. आपल्या दशावतारात संकासुर काळा पोशाख चढवून, तोंडावरची लाल जीभ लोंबवीत रंगभूमीवर येतो. तो माणूस आहे हे समोरच्या पोरासोरांनाही ठाऊक असते, तरीही पुढच्या रांगेतली मुले आईच्या पदराआड जातात. संकेत एकदा ठरला की प्रेक्षक उरलेले काम स्वतः करतो. मिर्काच्या बाबतीत असा संकेत ठरतच नाही. कथा वास्तववादी लष्करी थरारपटाच्या थाटात सुरू होते आणि संपूर्ण तळ शुभ्र, स्वच्छ, प्रखर प्रकाशाने उजळलेला आहे. समुद्राच्या तळाशी, सतत युद्धाच्या सावटाखाली जगणाऱ्या माणसांची जागा एखाद्या नव्या रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षासारखी दिसते. या उजेडात मिर्काची शिवण दिसते, ती दिसणारच. अंधार फुकट मिळतो. तोही येथे वापरला गेला नाही, याचा दोष निवडणुकीला देता येत नाही.

आणि तरीही हे मुख्य कारण नव्हे. पुरावा त्याच पर्वात आहे. मार्च १९८४ मध्ये रॉबर्ट होम्स लिखित व ग्रॅम हार्पर दिग्दर्शित ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ प्रसारित झाले. त्याच निर्मात्याच्या हाताखाली, त्याच व्यवस्थेत ते तयार झाले. त्यातही गुहेत वावरणारा एक रबरी प्राणी आहे आणि तोही मिर्काच्याच पंक्तीत बसेल इतका केविलवाणा आहे. त्यातही अखेरीस जवळजवळ सगळे मरतात. असे असूनही २००९ मध्ये ‘डॉक्टर हू मॅगझिन’च्या वाचकांनी तोवरच्या २०० कथांत त्याला पहिले स्थान दिले. म्हणजे रबरी राक्षस आणि प्रेतांचा खच या दोन्ही गोष्टी असूनही कथा उभी राहू शकते. ‘वॉरियर्स’ का कोसळते, याचे उत्तर मग संहितेतच शोधावे लागते.

इक्थारचा कायदा

इक्थार वारंवार सांगतो की त्यांच्या जमातीला केवळ बचावाचे युद्ध मान्य आहे. माणसांनीच माणसांवर क्षेपणास्त्रे डागली तर सिल्युरियनांच्या हातून कायद्याचा भंग होत नाही. दोनदा आपण मैत्रीचा हात पुढे केला व दोनदा दगा झाला, अशी त्याची तक्रार आहे; आणि पूर्वीचे कथाभाग पाहिलेल्यांना ती पूर्णतः खोटी वाटत नाही. इथे एका मोठ्या पात्राची सामग्री आहे. आपला कायदा मोडायचा नाही म्हणून दुसऱ्याच्या हातांनी वंशसंहार घडवून आणणारा, आणि त्यानंतरही स्वतःस निष्कलंक समजणारा नेता. अशी माणसे इतिहासात आपल्या परिचयाची आहेत. विशेष म्हणजे तळावरील माणसेही याच तर्कावर जगत आहेत. त्यांचीही क्षेपणास्त्रे ‘बचावासाठी’च आहेत.

संहिता हे साम्य पाहत नाही. इक्थारच्या युक्तिवादाला त्याच्या स्वतःच्या गोटातून एकदाही छेद जात नाही. सायबस व टार्पोक हे निव्वळ निरोप्ये आहेत. समुद्रवासीयांचा सेनापती सॉव्हिक्स जपानी सामुराईंच्या धर्तीचे चिलखत घालून दारे फोडतो, एवढेच त्याचे काम. १९७० मधला तो वृद्ध नेता, ज्याच्या खुनाने कथेला पीळ पडला होता, त्याच्या जागी येथे कोणीही नाही. डॉक्टर तळावरील लोकांना सांगतो की ही एक थोर, सन्मान जाणणारी जमात आहे. पडद्यावर मात्र पहिल्या दृश्यापासून ती माणसांना मारण्याच्या बेतात आहे आणि शेवटपर्यंत तेच करते. नायकाच्या तोंडी एक आणि कृतीत दुसरेच, अशा विसंवादात प्रेक्षक साहजिकच कृतीवर विश्वास ठेवतो.

पोशाखानेही हातभार लावला. १९७० मध्ये सिल्युरियनांचा कपाळावरचा तिसरा डोळा हे त्यांचे भयकारी सामर्थ्य होते. त्यातून ते मारत, बेशुद्ध करत, भिंती भेदत. १९८४ मध्ये तो डोळा बोलताना केवळ लुकलुकतो, कोण बोलते आहे हे कळावे म्हणून. एका जमातीच्या शक्तीचे चिन्ह सूचक दिव्याच्या पातळीवर यावे, यातच पुष्कळ काही आले.

एक आक्षेप विचारार्थ. जुन्या शत्रूंना परत आणण्याचे या काळातील निर्मात्यांचे धोरण पाहता, इक्थारचा पूर्वेतिहास प्रेक्षकांना ठाऊक आहे असे गृहीत धरले गेले असेल. परंतु १९८४ मध्ये दहा वर्षांचा असणारा प्रेक्षक १९७० मध्ये जन्मलाही नव्हता. शिवाय गृहीत धरलेला तो पूर्वेतिहास जुन्या कथांशी जुळतही नाही. इक्थार हा सिल्युरियनांच्या ‘त्रयी’पैकी एकमेव हयात सदस्य असल्याचे सांगितले जाते आणि डॉक्टर त्याला ओळखतो, अशी त्रयी वा असा इक्थार १९७० च्या कथेत कोठेही नाही. ज्यांना जुने आठवत नाही त्यांच्यासाठी हे अर्थहीन, ज्यांना आठवते त्यांच्यासाठी हे चुकीचे.

नावांविषयी थोडेसे

२००८ मध्ये हे तिन्ही कथाभाग डीव्हीडीच्या एकाच संचात उपलब्ध झाले. तो संच हाती आल्यावर वैकल्पिक विषयाच्या विद्यार्थ्यांसमवेत ते क्रमाने पाहण्याचा योग आला. मिर्का आल्यावर वर्ग हसला. नंतरच्या चर्चेत एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हे लोक स्वतःला ‘सी डेव्हिल’ का म्हणवून घेतात?” तोवर माझ्या ध्यानात हा प्रश्न आला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

‘समुद्री सैतान’ हे नाव १९७२ मध्ये भयाने भ्रमिष्ट झालेल्या एका कामगाराच्या तोंडून आले होते. ‘सिल्युरियन’ हे नावही माणसांनी दिलेले, आणि तेही चुकीचे. सिल्युरियन कालखंड सुमारे ४४.३ ते ४१.९ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा पृथ्वीवर सरीसृप नव्हतेच. हल्क यांना ही चूक कळली होती, म्हणून १९७२ मध्ये त्यांनी डॉक्टरच्याच तोंडून ‘इओसीन’ हे नाव योग्य ठरले असते असे वदवले. (तेही नेमके बसत नाही, पण दुरुस्तीची बुद्धी झाली हे महत्त्वाचे.) १९८४ मध्ये इक्थार स्वतःच्या जमातीला अभिमानाने सिल्युरियन म्हणतो आणि आपल्या भावंडांना समुद्री सैतान. जी जमात माणसांच्या अस्तित्वालाच मान्यता देत नाही ती माणसांनी ठेवलेली शिवी आपले नाव म्हणून कशी स्वीकारते? बाहेरच्यांनी लादलेली नावे जमातींना कशी चिकटतात आणि त्यांतून सुटण्यास त्यांना किती पिढ्या झगडावे लागते, हे आपल्या वर्गातील कित्येक विद्यार्थ्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. जॉनी बर्न यांना या विसंगतीतून काही साधायचे होते असे मानण्यास संहितेत आधार नाही. ती निव्वळ बेपर्वाई आहे. ज्यांच्या बाजूने विचार केलेला नाही त्यांच्याबाबतीतच अशी बेपर्वाई घडते.

मॅडॉक्स : वाया गेलेले पात्र

या कथाभागात एक गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी तो आजही पाहावा. तळावरील क्षेपणास्त्रे यंत्र एकटे सोडू शकत नाही. त्यासाठी डोक्यात जोडणी बसवलेला एक माणूस संगणकाशी जोडावा लागतो. हेतू उघड आहे : एवढ्या मोठ्या संहाराचा निर्णय अखेरीस मानवी मनातून जावा. हे काम करणारा अधिकारी मारला गेला आहे आणि त्याच्या जागी मॅडॉक्स नावाचा, अद्याप शिकाऊ असलेला, घाबरलेला तरुण आला आहे. पहिल्या भागात सरावाचा इशारा होतो. मॅडॉक्स खुर्चीत बसतो, तारा जोडल्या जातात. हा सराव आहे की खरे युद्ध, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. मार्टिन नील या नटाने ते दृश्य चोख केले आहे. काम संपल्यावर तो कोसळतो.

यानंतर हे अवघे सूत्र हेरगिरीच्या कथानकाने गिळले. डॉ. सोलो व निल्सन मॅडॉक्सच्या मनावर ताबा मिळवतात, त्याच्याकडून त्याच्या सहकारी तरुणीची, कॅरीनाची, हत्या करवतात आणि उपयोग संपल्यावर तो स्वतःही मारला जातो. ‘मानवी मन ही अखेरची खबरदारी’ या कल्पनेतील भयंकर पोकळी येथे लेखकाच्या अगदी हाताशी होती : मन हे यंत्रापेक्षाही सहज काबीज करता येते. शस्त्रप्रणालींच्या निर्णयसाखळीत माणूस असावा की नसावा, हा प्रश्न आज आंतरराष्ट्रीय मंचांवर चर्चिला जात आहे. १९८४ च्या एका लोकप्रिय मालिकेने तो उभा केला होता, आणि अर्ध्यावर सोडून दिला. हेरांचे उपकथानक वगळून तो वेळ मॅडॉक्सला दिला असता तर इक्थार आणि मॅडॉक्स समोरासमोर येऊ शकले असते. दुसऱ्याच्या हाताने मारणारा एक आणि ज्याचा हात वापरला जातो तो दुसरा. कथेत त्यांची गाठ पडत नाही.

डॉक्टरचे वर्तन

आता मुख्य मुद्द्याकडे. पहिल्याच भागात, तळावर चोरट्यासारखा शिरलेला डॉक्टर पकडला जाण्याची वेळ येताच अणुभट्टी स्फोटाच्या दिशेने सोडून देतो, पाठलाग करणाऱ्यांचे लक्ष दुसरीकडे जावे म्हणून. नंतर तो स्वतःच ती थांबवतो हे खरे. परंतु अण्वस्त्रांच्या धाकाविरुद्ध बोलणाऱ्या कथेचा नायक आरंभीच आण्विक धाक घालतो, हे संहितेला खटकत नाही. त्या भागाच्या अखेरीस डॉक्टर पाण्याच्या टाकीत पडतो आणि त्याचा सोबती टर्लो तो बुडालाच असे मानून निघूनही जाऊ पाहतो. हा भित्रेपणा मात्र खरा वाटतो. संपूर्ण कथाभागात टर्लोचेच वागणे सुसंगत आहे.

उत्तरार्ध हेक्झाक्रोमाइट या वायूभोवती फिरतो. तळावर साठवलेला हा वायू सरीसृपांना व जलचरांना प्राणघातक आहे. डॉक्टरला तो वापरण्याचा आग्रह होतो. तो नकार देतो, पुन्हा नकार देतो आणि अखेरीस दुसरा उपाय उरत नाही म्हणून वायू तळभर सोडला जातो. सिल्युरियन व सी डेव्हिल गुदमरून मरतात. त्या क्षणीही डॉक्टर त्यांना प्राणवायू देण्यास सोबत्यांना सांगतो. क्षेपणास्त्रे थांबतात. तळाचा प्रमुख व्हॉर्शॅक याच्यासह दोन्ही बाजूंची प्रेते पसरलेली आहेत. डॉक्टर त्यांच्याकडे पाहतो आणि म्हणतो की दुसरा काही मार्ग असायला हवा होता. तेथेच कथाभाग संपतो; नेहमीचा निरोप नाही, विनोद नाही.

या शेवटाचे समर्थक आहेत व त्यांचे म्हणणे दुर्लक्षणीय नाही. त्यांच्या मते ही मालिकेतील दुर्मीळ शोकांतिका आहे, कारण नायकाचे सदिच्छेचे राजकारण येथे पूर्णतः पराभूत होते. डेव्हिसन यांनी ते वाक्य ज्या थकल्या स्वरात उच्चारले आहे त्यामुळे हा दावा क्षणभर पटतोही. परंतु शोकांतिकेसाठी तो दुसरा मार्ग आधी दिसावा लागतो. नायक त्या वाटेवर दोन पावले चाललेला असावा, मग ती वाट बंद व्हावी. १९७० मध्ये ती दिसली होती. वृद्ध सिल्युरियन आणि डॉक्टर यांच्यात समझोता जवळजवळ झाला होता, म्हणून अखेरचा स्फोट जिव्हारी लागला. १९७२ मध्येही बोलणी चालू असताना बॉम्ब पडले. १९८४ मध्ये डॉक्टर इक्थारशी बोलतो तेव्हा ते दोघे आपापली मते सांगतात आणि विषय संपतो. काय द्यावे, काय घ्यावे, समुद्र कोणाचा, किनारा कोणाचा, यांतला एकही प्रश्न निघत नाही. जो मार्ग संहितेने कधी आखलाच नाही तो नसल्याबद्दल अखेरीस खेद व्यक्त होतो. आणि तो खेदही वायू सोडणाऱ्याच्या तोंडी असल्याने प्रेक्षकाची सहानुभूती मृतांऐवजी त्याच्याच वाट्याला येते.

यात नटांचा दोष कमी आहे. डेव्हिसन यांनी डॉक्टरची असहायता प्रामाणिकपणे उभी केली. टीगनच्या भूमिकेत जॅनेट फील्डिंग यांना दाराखाली अडकण्यापलीकडे फारसे काम नव्हते. रॉबर्ट्स यांनी यापूर्वी ‘द सन मेकर्स’ (१९७७) व ‘द पायरेट प्लॅनेट’ (१९७८) हे सरस कथाभाग दिग्दर्शित केले होते, आणि बर्न यांच्या ‘द कीपर ऑफ ट्राकेन’ (१९८१) मध्ये एका सुसंस्कृत समाजाचा ऱ्हास किती संयमाने चितारला होता ते पाहिले, की ‘वॉरियर्स’मधील घाई अधिकच खटकते.

२०१० मध्ये ‘द हंग्री अर्थ’ व ‘कोल्ड ब्लड’ या जोडकथेत हे सरीसृप पुन्हा आले. त्यात डॉक्टर माणसांच्या दोन प्रतिनिधींना आणि सिल्युरियनांच्या एका ज्येष्ठ नेत्याला एका मेजाभोवती बसवतो आणि पृथ्वी कशी वाटून घ्यावी यावर बोलणी सुरू होतात. ती मोडतात, कारण वर एका भेदरलेल्या आईने कैदेतील सिल्युरियन स्त्रीला आधीच ठार केले आहे. सिल्युरियन आणखी हजार वर्षांसाठी झोपी जातात. या जोडकथेतही उणिवा आहेत, वेशभूषेबाबत तर जुन्या चाहत्यांची नाराजी होतीच. पण ते मेज पडद्यावर आहे, आणि त्यावर कोणता प्रदेश कोणाला हे विचारले जाते. ‘सी बेस फोर’वर हा प्रश्न विचारण्यास चार भागांत जागा झाली नाही, मिर्काला मात्र झाली.